नियोक्ता कोण? कार्यस्थळावरील आरोग्य व सुरक्षेची कायदेशीर संकल्पना आणि ऊसतोड कामगार : एक चिकित्सा

गोषवारा

कामाच्या ठिकाणी कामगाराचे आरोग्य व सुरक्षा राखणे ही नियोक्त्याची जबाबदारी होय, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. मात्र या तत्त्वाची परिणामकारकता 'नियोक्ता' कोणास म्हणावे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२०' हिने नियोक्त्याची कर्तव्ये व्यापक शब्दांत मांडली आहेत. तथापि ठेकेदारांच्या साखळीतून मिळणाऱ्या श्रमाच्या बाबतीत ही कर्तव्ये कोणावर येऊन ठेपतात, हे संदिग्ध राहते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांचे, विशेषतः स्त्री कामगारांचे उदाहरण घेऊन या संदिग्धतेची चिकित्सा केली आहे. कायद्यात तरतुदींचा अभाव आहे असे नसून, उपलब्ध तरतुदी ज्याच्यावर लागू व्हावयाच्या त्याचे नावच निश्चित केले जात नाही आणि 'जबाबदारी'ची जागा 'कल्याण' घेते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : नियोक्ता, मुख्य नियोक्ता, अंतिम नियंत्रण, ऊसतोड कामगार, कोयता, मुकादम, व्यावसायिक आजार, कल्याण.

१. प्रस्तावना

औद्योगिक सुरक्षेचा विषय निघाला की आपल्यासमोर प्रथम कारखान्याचे चित्र उभे राहते. यंत्रे, बॉयलर, रसायनांच्या टाक्या आणि त्यांच्याभोवती काम करणारे कामगार असे ते चित्र असते. १९८४ ची भोपाळ दुर्घटना किंवा डोंबिवली येथील २०१६ व २०२४ चे स्फोट यांमुळे हे चित्र अधिक गडद झाले आहे. अशा घटनांत जागा निश्चित असते, वेळ निश्चित असते आणि दोष कोणाचा हे शोधण्यासाठी निदान एक दरवाजा तरी ठोठावता येतो.

परंतु महाराष्ट्रातील एका मोठ्या श्रमिकवर्गाच्या बाबतीत असा दरवाजाच सापडत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी आदी जिल्ह्यांच्या दुष्काळी तालुक्यांतून काही लाख स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्राच्या व उत्तर कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात ऊसतोडणीसाठी जातात. ते ज्या शेतात राबतात ते शेत ऊस उत्पादकाचे असते. ज्या वाहनात मोळ्या भरतात ते वाहतूक कंत्राटदाराचे असते. ज्याच्याकडून उचल घेतात तो मुकादम असतो. आणि ज्याच्यासाठी ऊस तोडला जातो तो साखर कारखाना असतो. या चौघांपैकी त्यांचा नियोक्ता कोण, या साध्या प्रश्नास व्यवहारात उत्तर नाही. उत्तर नसल्यामुळे कोणाच्या तरी वाट्यास येणारी जबाबदारी अंतिमतः कोणाच्याच वाट्यास येत नाही. या रिकाम्या जागेची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. जबाबदारीच्या कल्पनेचा विकास

कामगाराच्या सुरक्षेबाबत मालकाची काही जबाबदारी असते, ही कल्पना आज स्वाभाविक वाटत असली तरी ती फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८३७ साली प्रीस्टले विरुद्ध फाउलर या खटल्यात एका खाटकाच्या नोकराने नुकसानभरपाई मागितली होती. मालकाच्या सांगण्यावरून प्रमाणाबाहेर माल भरलेली गाडी मोडून तो जखमी झाला होता. न्यायालयाने त्याचा दावा अमान्य केला. धोका दिसत असता काम पत्करणाऱ्याने तो धोकाही पत्करला, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढील कित्येक दशके हाच विचार मालकांची ढाल बनून राहिला.

ही ढाल हळूहळू निकामी झाली. त्यातील निर्णायक टप्पा म्हणजे १९३७ चा विल्सन्स अँड क्लाइड कोल कंपनी विरुद्ध इंग्लिश हा निवाडा. स्कॉटलंडमधील खाणीत एक कामगार वाहतुकीच्या यंत्रणेखाली चिरडला गेला. सुरक्षेची व्यवस्था आम्ही पात्र व्यवस्थापकाकडे सोपवली होती, असा कंपनीचा बचाव होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. सुरक्षित साधने, सक्षम सहकारी आणि कामाची सुरक्षित पद्धत पुरवण्याचे कर्तव्य मालकाचे स्वतःचे असून, काम दुसऱ्याकडे सोपवता आले तरी कर्तव्य सोपवता येत नाही, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. ठेकेदारीच्या आजच्या काळात या तत्त्वाचे महत्त्व वाढलेलेच आहे.

भारतात १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यापासून तपासणीचा मार्ग आणि १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून भरपाईचा मार्ग सुरू झाला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पहिल्या मार्गाला पूर्णत्व दिले. भोपाळनंतर १९८७ साली या अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. पहिली, कामगारांचे आरोग्य, सुरक्षा व कल्याण राखण्याचे सर्वसाधारण कर्तव्य भोगवटादारावर टाकणारे कलम ७-अ. दुसरी, कंपनीच्या बाबतीत तिचा एखादा संचालकच भोगवटादार मानला जाईल ही तरतूद. कनिष्ठ अधिकाऱ्याला भोगवटादार म्हणून पुढे करून संचालकांनी नामानिराळे राहण्याची सोय त्यामुळे संपली. जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ही तरतूद वैध ठरवली.

न्यायालयांनीही या काळात जबाबदारीचा परीघ वाढवला. दिल्लीतील ओलियम वायुगळतीनंतर १९८६ साली एम. सी. मेहता प्रकरणात निरपवाद दायित्वाचे तत्त्व मांडले गेले. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या निवाड्यात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील हक्क मानला गेला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद त्याने काम सुरू केल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेशही देण्यात आला. आजार कामगाराच्या शरीरात वर्षानुवर्षे दबा धरून बसतो, म्हणून मालकाची स्मृतीही तितकीच दीर्घ असली पाहिजे, हा त्यामागील विचार होय.

३. संहितेचे सामर्थ्य आणि तिच्यातील फटी

२०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने कारखाना अधिनियम, ठेका कामगार अधिनियम, आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम यांसह १३ कायद्यांची जागा घेतली. संहितेच्या कलम ६ नुसार, इजा अथवा व्यावसायिक आजार उद्भवेल अशा धोक्यांपासून कार्यस्थळ मुक्त ठेवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. नियुक्तिपत्र देणे व विहित कामगारांची विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणी करणे हीही त्याचीच कर्तव्ये आहेत. पूर्वी जे कर्तव्य प्रामुख्याने कारखान्यापुरते होते, ते येथे दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांपर्यंत विस्तारले आहे. संहितेचे हे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही.

नियोक्त्याची व्याख्याही वरकरणी व्यापक आहे. प्रत्यक्ष किंवा अन्य व्यक्तीमार्फत कामगार नेमणारा तो नियोक्ता. कारखान्याच्या बाबतीत भोगवटादार. इतर आस्थापनांच्या बाबतीत जिचे कारभारावर अंतिम नियंत्रण असते ती व्यक्ती वा प्राधिकरण. मात्र याच व्याख्येत ठेकेदाराचाही समावेश आहे. या समावेशाचे दोन अर्थ संभवतात. ठेकेदारही जबाबदार, हा एक अर्थ. ठेकेदारच जबाबदार, हा दुसरा. कायद्याच्या भाषेला पहिला अर्थ अभिप्रेत आहे. व्यवहाराला दुसरा सोयीचा आहे. व्याख्या जितकी विस्तृत तितके एकमेकांकडे बोट दाखवणारे हात अधिक, असा विरोधाभास त्यातून निर्माण होतो.

संख्येच्या मर्यादांचाही येथे विचार केला पाहिजे. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी १९७० च्या केंद्रीय कायद्यात २० कामगारांची अट होती. संहितेत ती ५० झाली. दहा-पंधरा जोडप्यांची टोळी नेणारा मुकादम २० ते ३० माणसे नेतो. म्हणजे जुन्या केंद्रीय मर्यादेनुसार जो परवान्याच्या कक्षेत आला असता, तो नव्या मर्यादेनुसार बाहेर राहतो. स्थलांतरितांविषयीच्या तरतुदींतील सीमारेषा तर अधिकच विचित्र आहे. बीडहून बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यासाठी जाणारा तोडकरी आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकतो; त्याच गावातून शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात जाणारा त्याचा भाऊ मात्र राज्याची सीमा न ओलांडल्यामुळे त्या संरक्षणास मुकतो. दोघांचे अंतर, काम, खोपी आणि उचल सारखीच असते.

एका बाबतीत मात्र संहिता पूर्वीच्या कायद्याच्या पुढे गेली आहे. १९७० च्या कायद्यानुसार पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, प्रथमोपचार इत्यादी सोयी प्रथमतः ठेकेदाराने पुरवावयाच्या होत्या. त्याने न पुरवल्यास ती जबाबदारी मुख्य नियोक्त्याकडे जाई. संहितेने हा वळसा काढून टाकून अशा सोयींची जबाबदारी थेट मुख्य नियोक्त्यावर टाकली आहे. साखर कारखाना हा ऊसतोड कामगारांचा मुख्य नियोक्ता आहे असे एकदा मान्य झाले, तर फडावर पाणी व स्वच्छतागृह कोणी पुरवावे याविषयी वाद उरत नाही. खरा वाद त्या मान्यतेचाच आहे.

४. फडातील भाषा

कोणत्याही श्रमसंबंधाचे स्वरूप त्यातील शब्दांवरून कळते. ऊसतोडणीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यामागे ठरते, हिशेब कोयत्यामागे होतो आणि पैसा सामान्यतः पुरुषाच्या हाती पडतो. माणसाची ओळख अवजाराच्या नावाने व्हावी, ही गोष्ट केवळ भाषिक गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कायदा कामगार मोजतो. हा व्यवहार कोयते मोजतो. या दोन मोजण्यांमध्ये जी व्यक्ती हरवते ती प्रामुख्याने स्त्री होय. तिच्या नावे करार नाही, हजेरी नाही, मजुरीची पावती नाही. नियुक्तिपत्र देण्याची संहितेची अट कोयत्यापर्यंत पोहोचली तरी अर्ध्या कोयत्यापाशीच अडखळेल.

'उचल' हा दुसरा शब्द. हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम तोडणीतून फेडावयाची असते. फिटली नाही तर ती 'अंगावर' राहते आणि पुढच्या हंगामाला बांधून ठेवते. तिसरा शब्द 'खाडा'. आजारपण, बाळंतपण, पाळीचा त्रास अशा कोणत्याही कारणाने काम बुडाल्यास खाडा धरला जातो व त्यापोटी रक्कम कापली जाते. रजा हा कामगाराचा हक्क असतो; खाडा हा त्याच्याकडून वसूल केला जाणारा दंड असतो. ज्या कामात आजारी पडण्यासाठी दंड भरावा लागतो, तेथे आजाराची नोंद होण्याची शक्यता जवळजवळ नसते. आजार लपवला जातो, अंगावर काढला जातो आणि हंगाम संपेपर्यंत त्याचे स्वरूप बदललेले असते.

कामाचे स्वरूपही लक्षात घेतले पाहिजे. तोडणी पहाटे अंधारात सुरू होते. तोडलेला ऊस साळून, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावयाच्या आणि फळीवरून चढून वर टाकावयाच्या असतात. वाहन केव्हा येईल यावर भरणीची वेळ ठरते, त्यामुळे रात्री-अपरात्रीही काम करावे लागते. सर्पदंश, कोयत्याच्या जखमा, भरलेली वाहने उलटून होणारे अपघात हे नेहमीचे आहेत. मुक्काम पाचटाच्या वा ताडपत्रीच्या खोपीत. स्वच्छतागृह, न्हाणीघर व खात्रीचे पाणी यांचा अभाव. शेताचा एक बांध संपला की कामाची जागा बदलते. कार्यस्थळ असे फिरते असल्यामुळेच ते कोणाचे, हा प्रश्न टाळता येतो.

५. नियोक्तेपण नाकारण्याची कारणे व त्यांचे परीक्षण

कारखान्यांच्या वतीने नियोक्तेपण नाकारताना सामान्यतः तीन युक्तिवाद केले जातात. त्यांचा क्रमाने विचार करणे उचित ठरेल.

पहिला युक्तिवाद असा, की कारखान्याचा करार वाहतूक कंत्राटदाराशी असतो; मजुरांशी त्याचा थेट संबंध नाही. या युक्तिवादाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हुसेनभाई प्रकरणात दिले आहे. केरळमधील दोरखंडाच्या कारखान्यातील कामगार ठेकेदारांनी नेमलेले होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी कराराच्या कागदापलीकडे पाहून असा निकष मांडला, की ज्यांच्या श्रमातून दुसऱ्याच्या धंद्याचा माल तयार होतो आणि ज्यांच्या उपजीविकेवर व कामाच्या सातत्यावर त्या दुसऱ्याचेच आर्थिक नियंत्रण असते, त्यांचा खरा नियोक्ता तोच होय. मध्यस्थांची उपस्थिती गौण आहे. ठेका कामगारांना कायम करण्याच्या संदर्भात २००१ च्या स्टील अथॉरिटी निवाड्याने न्यायालयीन दृष्टिकोन आक्रसला, हे खरे. परंतु कायम नोकरीचा प्रश्न आणि आरोग्य-सुरक्षेचा प्रश्न हे भिन्न आहेत. कामगार कायम नसला म्हणून त्याच्या जिवाची जबाबदारी तात्पुरती होत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की तोडणी शेतकऱ्याच्या शेतात होते. तेथे कारखान्याचे नियंत्रण नाही. वस्तुस्थिती याच्या विरुद्ध आहे. कोणत्या गटातील ऊस केव्हा तोडावयाचा याचा कार्यक्रम कारखान्याचा शेतकी विभाग आखतो. कोणती टोळी कोणत्या फडावर जाईल हे त्याच यंत्रणेकडून ठरते. तोडणी व वाहतुकीचा खर्च कारखाना करतो आणि ऊस उत्पादकाच्या देय रकमेतून तो वजा करतो. ज्याच्या शेतात कोयता चालतो त्या शेतकऱ्यास टोळी निवडण्याचा किंवा तोडणीची तारीख ठरवण्याचा अधिकार नसतो. उलट तोडणी लवकर मिळावी म्हणून त्यालाच हेलपाटे घालावे लागतात. 'अंतिम नियंत्रण' या संहितेच्या कसोटीवर हे सारे कारखान्याकडेच निर्देश करते. धरांगध्रा केमिकल वर्क्स प्रकरणात (१९५७) मिठागरांवर हंगामी काम करणाऱ्या, कुटुंबीयांना व स्वतःच्या मदतनीसांना हाताशी घेणाऱ्या अगरियांनाही सर्वोच्च न्यायालयाने कामगार मानले होते. हंगामी, कुटुंबासह केलेले आणि नगावर मोजलेले काम म्हणजे स्वतंत्र धंदा नव्हे, हा त्यातून निघणारा बोध ऊसतोडणीस तंतोतंत लागू पडतो.

याहून बोलका पुरावा दरनिश्चितीचा आहे. तोडणीचे दर महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटींतून ठरतात. जानेवारी २०२४ मध्ये झालेली ३४ टक्के वाढ अशाच वाटाघाटींचे फलित होती. त्या टेबलाच्या एका बाजूस मुकादम किंवा शेतकरी नसतो. कारखान्यांचे प्रतिनिधी असतात. मजुरीचा दर ठरवताना जो नियोक्त्याच्या खुर्चीवर बसतो, तो सुरक्षेचा विषय निघताच त्या खुर्चीवरून उठतो. ही विसंगती तर्काच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारी नाही.

तिसरा युक्तिवाद आर्थिक आहे आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. सहकारी कारखाने शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत, अनेक कारखाने कर्जबाजारी आहेत. सुरक्षेचा खर्च वाढल्यास तो उसाच्या भावातून वजा होईल आणि तोडणी यंत्रांचा वापर वाढून मजुरांचे कामच जाईल, असे म्हटले जाते. यातील पहिल्या भागात तथ्य आहे. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. सुरक्षेचा खर्च आज होत नाही असे नाही. तो कामगार कुटुंब आपल्या शरीराने व कर्जाने भागवते. साखरेच्या उत्पादनखर्चात तो दिसत नाही, एवढाच फरक. हा खर्च कोणी सोसावा, यावर कारखाना, शेतकरी, ग्राहक व शासन यांच्यात चर्चा होऊ शकते. तो तोडकऱ्याच्या बायकोनेच सोसावा, हे मात्र कोणत्याही चर्चेशिवाय ठरून गेले आहे. यंत्रांविषयी असे म्हणता येईल, की ज्या कामाची किंमत केवळ असुरक्षिततेमुळे कमी राहते, त्या कामाचे रक्षण म्हणजे कामगाराचे रक्षण नव्हे.

६. आजार, शस्त्रक्रिया आणि कार्यकारणभाव

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. म्हणजे साधारणतः दर सहा स्त्रियांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशपातळीवर ३.२ टक्के होते. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत व वयोगट भिन्न असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही अंतराचे प्रमाण दुर्लक्षणीय नाही.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे या वस्तुस्थितीला मिळालेला प्रतिसाद. खासगी रुग्णालयांतील अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी पूर्वपरवानगीची पद्धत आली; डॉक्टरांच्या नफेखोरीची चर्चा झाली; स्त्रियांच्या अज्ञानाविषयी हळहळ व्यक्त झाली. हे सारे आवश्यक होते. पण या संपूर्ण चर्चेत नियोक्त्याचे नाव क्वचितच आले. घटनांची साखळी क्रमाने मांडली तर तिचा आरंभ रुग्णालयात होत नाही. फडावर स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, जड ओझी उचलण्याला मर्यादा नाही, पाळीत विश्रांती नाही आणि विश्रांती घेतल्यास खाडा आहे. त्यातून जंतुसंसर्ग व अन्य विकार उद्भवतात, उपचार हंगाम संपेपर्यंत लांबतात आणि अखेरीस कटकट कायमची मिटवण्याचा मार्ग म्हणून शस्त्रक्रिया पुढे येते. साखळीच्या शेवटच्या कडीवर स्त्रीची सही असते, म्हणून ती तिची खासगी निवड ठरते. पहिल्या कडीवर कोणाचीच सही नसते.

कायद्याची रचनाही या अदृश्यतेस हातभार लावते. नुकसानभरपाईसाठी इजा कामातून व कामाच्या ओघात उद्भवलेली असावी लागते. व्यावसायिक आजार परिशिष्टातील यादीत असावा लागतो. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस, शिशाची विषबाधा हे त्या यादीत आहेत. गिरणीच्या कापूसधुळीने होणाऱ्या बिसिनोसिसला यादीत स्थान मिळाले, कारण गिरणी, कामगार व मालक या तिन्ही गोष्टी निश्चित होत्या. कामाच्या परिस्थितीतून उद्भवणाऱ्या स्त्रियांच्या प्रजननविषयक विकारांना तेथे स्थान नाही. संहिता लागू करताना ४० वर्षांवरील कामगारांना विनामूल्य वार्षिक तपासणीची हमी जाहीर झाली. ज्या कामगार स्त्रियांचा प्रश्न चाळिशी येण्यापूर्वीच शस्त्रक्रियेपाशी जाऊन ठेपतो, त्यांच्यासाठी ही हमी फार उशिरा येते.

नियोक्ता हरवल्यावर काय होते, याचे दुसरे उदाहरण गुजरातमधील गोध्रा परिसराचे आहे. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर तेथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिस घेऊन परतले आणि गावी मरण पावले. कामाची नोंद त्यांच्यापाशी नव्हती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग व सर्वोच्च न्यायालय यांच्यापर्यंत प्रकरण गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनास दिला. वारसांना न्याय मिळाला. पण ज्यांच्या चक्कीत दगड दळला गेला त्यांच्याऐवजी तो भार सार्वजनिक तिजोरीवर पडला.

७. कल्याण आणि जबाबदारी

ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्र शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी कारखान्यांकडून उसाच्या प्रतिटनामागे दहा रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून अशी निधीची व्यवस्था करण्यात आली. मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. कामगारांची नोंदणी व ओळखपत्रे यांचे काम ग्रामसेवकांकडे सोपवले गेले. या उपाययोजनांचे मूल्य मान्य करूनही त्यांच्या स्वरूपातील एक मूलभूत भेद नोंदवणे आवश्यक आहे.

कल्याण आणि जबाबदारी या संकल्पना समानार्थी नाहीत. कल्याणात देणारा उदार असतो आणि घेणारा लाभार्थी असतो. जबाबदारीत एक कर्तव्याने बांधलेला असतो आणि दुसरा हक्कदार असतो. प्रतिटन दहा रुपये भरणारा कारखाना निधीस हातभार लावतो. मात्र त्याच्या फडावर पाणी आहे की नाही, याच्याशी त्या दहा रुपयांचा काही संबंध नसतो. सुरक्षित व्यवस्था करणारा आणि न करणारा असे दोन्ही कारखाने सारखीच रक्कम भरतात. त्यामुळे प्रतिबंधाची प्रेरणा निर्माण होत नाही. तसेच कामगाराची नोंद त्याच्या गावी ग्रामसेवक ठेवतो, कामाच्या ठिकाणी कारखाना ठेवत नाही. ॲस्बेस्टॉस निवाड्याने मालकाकडून ४० वर्षांच्या स्मृतीची अपेक्षा केली. येथे मालकाकडे एका हंगामाचीही स्मृती नाही. कल्याणकारी योजना जबाबदारीला पूरक असल्या पाहिजेत. त्या तिला पर्याय ठरल्या की कारखान्यास अल्प किमतीत मुक्तता मिळते, हा त्यांतील धोका होय.

८. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला, नियोक्त्याच्या कर्तव्याची भाषा समृद्ध होत असताना त्या कर्तव्याचा धनी अधिकाधिक अस्पष्ट होत गेला आहे. दुसरा, ऊसतोडणीच्या बाबतीत कार्यक्रम, खर्च व दर या तिन्ही अंगांनी अंतिम नियंत्रण साखर कारखान्याचेच असल्याने, विद्यमान व्याख्येनुसारही त्यास मुख्य नियोक्ता मानण्यास पुरेसा आधार आहे. तिसरा, आरोग्याची हानी अपघाताच्या रूपाने न येता झिजेच्या रूपाने येते तेव्हा कायदा ती पाहू शकत नाही. आणि स्त्रियांच्या बाबतीत ती बहुधा याच रूपाने येते.

यावर उपाय म्हणून नवा कायदाच हवा असे नाही. राज्य शासनाने संहितेखालील आपल्या अधिकारात साखर कारखान्यास ऊसतोड कामगारांचा मुख्य नियोक्ता म्हणून निःसंदिग्धपणे घोषित करावे. गाळप परवाना देताना तोडणी कामगारांची स्त्री-पुरुष स्वतंत्र नावनिशीवार नोंद, फडावरील पाणी व फिरती स्वच्छतागृहे आणि आजारपणातील खाड्याची वसुली बंद असल्याचे प्रमाणपत्र या अटी घालाव्यात. आरोग्य तपासणी वयाशी न जोडता हंगामाशी जोडावी. ती हंगामाच्या आरंभी व अखेरीस व्हावी आणि तिची नोंद कारखान्याने जपावी. दर तीन वर्षांनी होणाऱ्या दराच्या वाटाघाटींत सुरक्षेचा विषय अनिवार्य करावा आणि त्या टेबलावर स्त्री कामगारांच्या प्रतिनिधींना जागा असावी.

साखरपट्ट्यातील आणि मराठवाड्यातील अनेक महाविद्यालये साखर कारखान्यांशी निगडित शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत, आणि त्यांच्या वर्गांत ऊसतोड कुटुंबांतील मुले-मुलीही बसतात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, विधी व सार्वजनिक आरोग्य या शाखांतील अध्यापकांना आपल्या परिसरातील फडांचा पद्धतशीर अभ्यास करण्याची संधी म्हणूनच इतरांहून अधिक आहे, आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष गैरसोयीचे निघण्याची शक्यताही अधिक आहे. असा अभ्यास झाला तर निदान एक गोष्ट साध्य होईल : 'कोयता' या शब्दामागे दोन माणसे आहेत आणि त्या दोघांनाही कामावर ठेवणारा कोणीतरी आहे, हे पुराव्यानिशी नोंदले जाईल.